गर्दी म्हणजे कोण?

‘काय ही गर्दी!’ असे ऐन दिवाळीत एकदाही न म्हटलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कापडाच्या दुकानात, एस.टी.च्या स्थानकावर, मिठाईवाल्याच्या पायरीवर आपण सारेच तसे म्हणतो. म्हणताना सुरात थोडी तक्रार असते आणि, खोटे कशाला बोला, थोडी मौजही असते. पण एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हे उद्गार काढणारा स्वतःला त्या गर्दीत कधीच धरत नाही. तो बिचारा खरेदीला आलेला असतो. गर्दी करायला आलेले असतात ते बाकीचे! मी शाळामास्तर असल्यामुळे मुलांना समूहवाचक नामे शिकवतो. जमाव, घोळका, थवा या शब्दांत सगळे येतात. गर्दीचे व्याकरण मात्र निराळे आहे. गर्दी म्हणजे हजर असलेली सर्व माणसे, वजा मी.

हे निराळे व्याकरण मला अगदी ठसठशीतपणे दिसले ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी. माझा भाचा नोकरीनिमित्त त्या बाजूला राहतो. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले आणि एके दिवशी डिस्नेलँड दाखवायला नेले.

या जागेचा जन्मच मुळी एका बाकावर झाला, असे तिचा निर्माता वॉल्ट डिस्ने सांगत असे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि हा बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत बसे. मुलांनी खेळायचे आणि आईबापांनी नुसते ताटकळायचे, असे का? सर्वांना मिळून रमता येईल अशी जागा का नसावी? या विचारातून संत्र्यांच्या बागा तोडून १६० एकरांवर हे नवल उभे राहिले. १७ जुलै १९५५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी फक्त निमंत्रितांनीच यायचे होते; पण खोटी तिकिटे निघाली आणि सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. नुकतेच ओतलेले डांबर उन्हाने पाघळले आणि बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचालये यांपैकी एकच काहीतरी वेळेवर होणार होते. वॉल्टने शौचालये निवडली आणि लोक उन्हात पाण्याविना तळमळले. तात्पर्य, या जागेचे आणि गर्दीचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. आज तिथे वर्षाकाठी दीड कोटीहून अधिक माणसे येतात.

या दीड कोटींच्या दोन जाती आहेत. एक प्रसंगीचा पाहुणा. तो आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. त्याने त्या एका दिवसासाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात. दुसरा नित्याचा भक्त. त्याच्याजवळ वर्षाचा पास असतो. कोणता पाळणा कोणत्या साली सुरू झाला, कोणत्या भिंतीचा रंग कधी बदलला, हे त्याला तोंडपाठ असते. रिबिनीवर बिल्ले टाचून तो ती गळ्यात मिरवतो आणि दुसऱ्या भक्ताशी बिल्ल्यांची अदलाबदल करतो. या मंडळींनी चक्क गर्दीचे पंचांग तयार केले आहे! कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, कोणत्या घटकेला कुठे किती रांग असेल, ते त्यात पाहावे आणि मुहूर्त धरून निघावे. अर्थात पंचांगाने मंगळवार मोकळा सांगितला की पंचांग वाचणारे सगळे मंगळवारीच येतात, हा भाग वेगळा.

आम्ही आत शिरून थोडे चाललो आणि दम खायला एका बाकावर टेकलो. शेजारी सत्तरीच्या आसपासची एक बाई बसली होती. गळ्यात बिल्लेच बिल्ले. भाच्याने दुभाष्याचे काम पत्करले आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. ती दर आठवड्याला यायची. पाळण्यात बसायचीच असे नाही. नुसती बसायची, वाद्यवृंद ऐकायची आणि घरी जायची. बोलता बोलता ती सुस्कारा टाकून म्हणाली, “आज फार गर्दी आहे हो. सुटीतले लोक आलेत ना!” सुटीतले लोक म्हणजे साक्षात आम्ही! तिला ते सुचलेही नाही, आणि तिच्या सुरात आमच्याविषयी राग मुळीच नव्हता. जराशाने आम्ही उठलो तेव्हा भाच्याची बायको मला हळूच म्हणाली, “मामा, हे पासवाले रोज येऊन बसतात, म्हणून आपल्यासारख्यांना जागा मिळत नाही.”

वाचकहो, पाहिलीत गंमत? एकाच बाकावर दोन गर्दी बसल्या होत्या आणि प्रत्येकीला दुसरीच तेवढी गर्दी वाटत होती.

मग खरी गर्दी कोणाची? त्या जागेवर हक्क कोणाचा अधिक? जो तिच्यावर जन्मभर प्रेम करतो त्याचा, की ज्याला ती एकदाच लाभणार आहे त्याचा? प्रश्न खेळण्याच्या बागेचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये रोज त्याच डब्यात चढणारा माणूस गावाहून बोचके घेऊन आलेल्या उतारूकडे ज्या नजरेने पाहतो, ती हीच. वाचनालयातल्या ठरलेल्या खुर्चीवर नवखा बसला की जुन्या सभासदाच्या कपाळाला पडणारी आठी, तीही हीच.

भक्ताची बाजू आधी ऐकू. तो म्हणतो, माझ्यासारख्यांमुळे ही जागा जिवंत आहे. पावसापाण्यात मी येतो. पाहुणा फक्त सुटीत येतो. तो रस्त्यात मध्येच थांबतो, नकाशा उलटा धरतो आणि काहीच नीट न पाहता निघून जातो. यात तथ्य आहे. शिवाय त्याचे दुःखही खरे आहे. ज्या कोपऱ्यात आपण निवांत बसत असू तिथे खांद्याला खांदा लागू लागला की आपल्या घरात परकी माणसे शिरल्यासारखे वाटते.

आता पाहुण्याची बाजू. भक्ताला आज गर्दी लागली तर तो घरी जाईल आणि पुढच्या बुधवारी येईल. पाहुण्याला पुढचा बुधवार नाही. रांगेतला एक तास म्हणजे भक्ताच्या शेकडो तासांतला एक, आणि पाहुण्याच्या मोजक्या दहा-बारा तासांतला एक! तास तोच, पण वजन निराळे. १९५५ साली मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर पडे आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे द्यावे लागत. पुढे खेळांच्या तिकिटांची पुस्तके निघाली. ती १९८२ साली बंद झाली आणि एकदा आत गेले की सारे खेळ मोकळे झाले. पैशांचा अडसर निघाला, त्याची जागा रांगेने घेतली. आता गर्दीच्या दिवशी एका माणसाचे प्रवेशमूल्यच २०० डॉलरच्या वर जाते. इतके मोजून आलेला माणूस मिनिटे मोजू लागला तर त्याला बोल कसा लावावा?

रांग ही मला मोठी न्यायी संस्था वाटते. श्रीमंताचा आणि गरिबाचा तास तिथे सारखाच खर्च होतो. म्हणून रांगेला बगल देण्याच्या युक्त्या जरा तपासून पाहाव्या लागतात. मी मुलांना एक गणित घालतो. समजा, दर तीन सेकंदांना एक माणूस आत सोडतात आणि तुमच्यापुढे ६०० जण उभे आहेत. तुमची पाळी अर्ध्या तासाने येणार. काही खटपट करून तुम्ही थेट पुढे गेलात तर तुमचा अर्धा तास वाचला. पण तो गेला कुठे? मागे पडलेल्या ६०० जणांचे प्रत्येकी तीन सेकंद गेले. त्यांची बेरीज १८०० सेकंद, म्हणजे बरोबर अर्धा तास. तुमच्या खिशात पडलेला अर्धा तास ६०० जणांच्या खिशांतून चिमूट-चिमूट काढलेला असतो. तीन सेकंदांची चोरी कोणाला कळत नाही, म्हणून ती चोरी ठरत नाही, एवढेच. १९९९ साली डिस्नेच्या बागांत वेळ आधी राखून ठेवण्याची फुकट सोय निघाली आणि तिचे सारे बारकावे ठाऊक असलेल्या भक्तांची चंगळ झाली. २०२१ च्या डिसेंबरपासून डिस्नेलँडमध्ये निराळ्या रांगेतून जायला पैसे पडू लागले. पूर्वी ६०० जणांचे सेकंद माहितीच्या जोरावर जात होते, आता ते पैशाच्या जोरावर जातात.

आणि खुद्द मालकाचा निवाडा काय? साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेली ही बाग एप्रिल २०२१ च्या अखेरीस उघडली. दरम्यान जुने वार्षिक पास रद्द झाले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये नव्या नावाने नवे पास आले, पण त्यांच्यासाठी दिवस आधी राखून ठेवणे भाग पडले. २०२२ साली कंपनीने आपल्या हिशेबात लिहिले की, डिस्नेलँडला येणाऱ्या लोकांचे मिश्रण फायद्याच्या दृष्टीने प्रतिकूल आहे. भक्तांनी त्याचा अर्थ बरोबर हेरला: रोज येणारे कमी खर्च करतात, पाहुणे जास्त! कित्येकांनी ते शब्द सदऱ्यांवर छापून घेतले आणि ते सदरे घालून पुन्हा त्याच बागेत फिरले. मला त्या सदऱ्यांचे हसू आले, आणि वाईटही वाटले. ज्या जागेवर जीव लावला तिच्याच वहीत आपण तोट्याच्या रकान्यात! पण पाहुण्यानेही हुरळून जाऊ नये. त्याचे स्वागत आहे ते त्याच्या पाकिटाचे. मालकाच्या वहीत दोघेही आकडेच आहेत. तिथे न्याय मागण्यात अर्थ नाही. तो या दोघांनी आपसातच करायला हवा.

तो कसा व्हावा, याचे उत्तर मला त्याच दिवशी एका रांगेत दिसले असे वाटते. १९९५ साली सुरू झालेला इंडियाना जोन्सचा एक खेळ आहे. त्याची रांग जुन्या देवळासारख्या सजवलेल्या लांबच लांब वाटेने जाते आणि भिंतींवर चित्रलिपीसारखी अक्षरे कोरलेली आहेत. आम्ही आपले पुढच्यांची डोकी मोजत होतो. भाच्याचा दहा वर्षांचा मुलगा कंटाळून रडकुंडीला आला होता. आमच्यामागचा एक तरुण पुढे वाकला आणि त्याने पोराला भिंत दाखवली. ती अक्षरे म्हणजे वेश पालटलेली इंग्रजी मुळाक्षरेच होती! एकदा खूण कळल्यावर पोराला भिंतच्या भिंत वाचता येऊ लागली. रांग पुढे सरकली की तो ओरडे, “थांबा, माझे वाचून व्हायचे आहे!” रांग तीच, माणसे तीच, मिनिटेही तेवढीच. गर्दी मात्र कमी झाली होती.

नित्याच्या माणसाजवळ तीन प्रकारचे ज्ञान असते. एक, मुहूर्त गाठण्याचे: पहाटे यावे, पावसात यावे. ते निर्दोष आहे, कारण त्याने खरोखरच भार हलका होतो. दुसरे, पुढे सरकण्याचे. ते दुसऱ्याला सांगितले की संपते; म्हणून ते लपवावे लागते, आणि लपवणाऱ्याला प्रत्येक नवा माणूस शत्रू वाटू लागतो. तिसरे ज्ञान रमण्याचे. ते दिल्याने घटत नाही, उलट वाढते. ज्याच्याजवळ दुसरेच ज्ञान तेवढे आहे, त्याला मी भक्त म्हणणार नाही. तो त्या जागेचा वहिवाटदार आहे. प्रेमाने हक्क मिळत नसतो. मिळालीच तर जबाबदारी मिळते, आणि ती यजमानाची असते. घरात जो आधीपासून राहतो त्यानेच पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा असतो.

पाहुण्यालाही एक ऋण आहेच. आपण ज्या बाकावर दोन घटका टेकलो तिथे कोणाचे तरी वर्षानुवर्षांचे मन गुंतलेले आहे, एवढे त्याने जाणावे आणि जरा सरकून बसावे.

हे आपल्याला परके नाही. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले आणि २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उभे राहिले. बागा येतील आणि जातील. पण आषाढीला पंढरपुरात लाखोंनी जमणाऱ्या माणसांना आपण नुसती गर्दी म्हणत नाही, मेळा म्हणतो. तिथे पिढीजात वारकरी पहिल्यांदा आलेल्याच्या पाया पडतो, आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचता न आलेला कळसाला हात जोडून समाधानाने परततो. बाग आणि देऊळ यांची बरोबरी मला करायची नाही. मला फक्त शब्दांतला फरक दाखवायचा आहे. गर्दीतून ‘मी’ वजा केलेला असतो. मेळ्यात तो मिळवलेला असतो.

या दिवाळीत तुम्ही बाजारात जाल तेव्हा ‘काय ही गर्दी!’ असे खुशाल म्हणा. फक्त म्हणताना बेरीज पुरी करा.