स्वभावाला औषध नाही?

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात रोहू, असंच माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. मत्स्यव्यवसाय खात्यात मासे मोजायचं काम होतं, खायचं नव्हतं. भिगवणच्या मासळी बाजारात पोरं चेष्टा करायची, "माऊली, वजनच करा, वास घेऊ नका."

उजनी धरणातला रोहू आणि शेततळ्यातला रोहू शेजारी ठेवा, तिथला कुणीही हात न लावता सांगेल कोण कुठला. तळ्यातला पोटाला सुटलेला, पाठ उंच, अंगाच्या मानाने डोकं लहान. दाटीत वाढला असेल तर परांच्या कडा झिजलेल्या. धरणातला लांबट, शेपटीकडे निमुळता, पर धडधाकट. गंमत म्हणजे दोघांची बोटुकली पुष्कळदा एकाच केंद्रातून, एकाच हौदातून आलेली असते. (तसा रोहू मूळचा उत्तरेकडचा, भीमेत आणून सोडलेला.) एकाला भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड आयती मिळाली, दुसऱ्याला पोटासाठी हिंडावं लागलं.

तोंडाचं टोक, पाठीवरच्या पराची सुरुवात, शेपटीचं मूळ अशा खुणा धरून त्यांच्यातली उभी-आडवी-तिरपी अंतरं घ्यायची, ही माशाची ठेवण मोजायची 1982 साली मांडलेली रीत. निवृत्तीनंतर गौतमाची न्यायसूत्रं वाचायला घेतली, तर दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तीच पट्टी समोर आली. शब्दातून कशाचा बोध होतो? गौतम म्हणतो, व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींचा. आकृती म्हणजे अवयवांची ठेवण, आणि जात ओळखायची ती तिच्यावरून.

मग ही ओळखायची खूणच पाण्यागणिक बदलत असेल तर? आकृती पुरेशी नाही, हे सूत्रकारालाही ठाऊक होतं. मातीच्या गाईला गाईचा आकार असतो, पण तिच्यावर प्रोक्षण करत नाहीत, तिचं दान देत नाहीत, असा दाखला तिथेच आहे. (गौतमाने आमचा पोळा पाहिला नसावा. आम्ही मातीच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो.)

धरणातला रोहू खरा आणि तळ्यातला बिघडलेला, असं बाजारातले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. स्वीडनमध्ये क्रुशियन कार्प नावाच्या माशावर झालेला एक प्रयोग 1992 साली प्रसिद्ध झाला. तळ्यात पाईक हा शिकारी मासा असला की या कार्पचं अंग उंच होतं, म्हणजे पाईकच्या जबड्यात मावेना. पाईक नसला की तो सडसडीतच राहतो. यातला खरा कोणता? दोन्ही. माशाचं स्वतःचं म्हणावं ते एखादं ठरलेलं रूप नव्हे, तर समोरच्या पाण्याला आणि शेजाऱ्याला उत्तर देण्याची ताकद. स्वभाव म्हणायचा तर मी तिला म्हणेन. त्या ताकदीला सीमा आहे, रोहूचा मरळ होत नाही. पण सीमेच्या आत जागा भरपूर आहे.

इथवर सोपं होतं. पुढे अडचण येते. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हूड नदीच्या स्टीलहेड ट्राउटमध्ये असं दिसलं, की बीज केंद्रात एकच पिढी काढली तरी माशांची निवड होते. हौदात जे जास्त फळतात ते नदीत कमी पडतात, आणि हा फरक पोरांकडे जातो. म्हणजे आज नुसत्या पाण्याचा वाटणारा परिणाम उद्या वंशात उतरू शकतो. जन्माने आलेलं आणि संगतीने आलेलं यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो, ती माशांत एका पिढीत ओलांडली जाते. आणि गीतेतली प्रकृती, म्हणजे माणसाचा स्वभाव, तर आपण गावागावांत भिंतीच्या जन्माकडच्या बाजूचीच धरून बसलो आहोत. ज्या घरात जन्मला ते त्याचं कर्म, असं मी पारावर आणि सप्ताहातही ऐकलंय.

परवाच्या सप्ताहात बुवांनी 'स्वभावाला औषध नाही' या म्हणीवर तासभर निरूपण केलं आणि दृष्टान्त दिला माशाचा: मासा काही केल्या मासाच राहणार. बुवांना हात जोडून विनंती आहे. दुसरा कुठलाही दृष्टान्त द्या, माशाचा तेवढा देऊ नका.