पाचवे कारण

'प्लांट्स व्हर्सेस झोंबीज' या गेममध्ये खेळाडू स्वतः एकही गोळी झाडत नाही. घरासमोरच्या हिरवळीचे पाच पट्टे, प्रत्येक पट्ट्यात नऊ चौकोन, डावीकडे घर आणि उजवीकडून पाय ओढत येणारी प्रेते. कोणते रोप कुठे लावायचे, एवढेच खेळाडूने ठरवायचे. मटार फेकणारे रोप आपले आपण मटार फेकते, वाट अडवणारा अक्रोड आपला आपण कुरतडला जातो. लढाई ऐन भरात येते तेव्हा खेळाडूचे हात बहुतेक वेळ पडलेले ऊन वेचत असतात. तरीही लाट परतवली गेली की होणारा आनंद त्याचाच असतो, त्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. जे नुसते मांडून ठेवले आणि नंतर पाहिले, त्याचे कर्तेपण कोणाचे? हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. भारतीय तत्त्वचिंतनाने तो फार बारकाईने हाताळला आहे.

या जातीच्या खेळांना टॉवर डिफेन्स म्हणतात. अटारीच्या १९९०च्या 'रॅम्पार्ट'मध्ये तोफा मांडणे आणि पडलेला तट पुन्हा बांधणे होते. पुढे 'वॉरक्राफ्ट ३'च्या खेळाडूंनी हौसेने बनवलेल्या नकाशांमध्ये हा प्रकार वाढला, आणि २००७ मध्ये पॉल प्रीस यांच्या 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स'मुळे तो ब्राउझरमधून कोणालाही खेळता येऊ लागला. 'प्लांट्स व्हर्सेस झोंबीज' पॉपकॅप कंपनीने २००९ मध्ये आणला. त्याची रचना जॉर्ज फॅन यांची.

वॉटर्लू विद्यापीठात शिकवणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची एक व्याख्या मांडली. तिचा आशय असा, की गरज नसलेले अडथळे माणूस आपखुशीने अंगावर घेतो आणि ते ओलांडायचा प्रयत्न करतो, तो खेळ. गोल्फचा चेंडू खळग्यात पडावा एवढीच इच्छा असेल तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे. पण तसे केले की गोल्फ उरत नाही. व्याख्या पक्की आहे. मात्र ती सगळ्याच खेळांना लागू पडते. टॉवर डिफेन्सची गोडी वेगळी का लागते, ते कळण्यासाठी आणखी आत जावे लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक इथे उपयोगी पडतो. कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे त्यात सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. इथे त्या जागी हिरवळ धरली तर पाचही कारणे एका पडद्यावर उभी राहतात. जमीन दिसते. साधने, म्हणजे रोपे, खेळाडूने निवडलेली असतात. क्रिया त्याची रोपे करतात. दैवही आहे, पण मोजून मापून. बऱ्याच डावांत सुरुवातीला रस्त्यावर जमलेली प्रेते दाखवली जातात, कोणाच्या डोक्यावर बादली आहे आणि कोणाच्या हातात उडी मारायचा बांबू आहे ते दिसते, आणि मगच रोपे निवडायची असतात. कोण येणार हे आधी कळते. कोणत्या पट्ट्यातून येणार, हे कळत नाही.

प्रत्यक्ष आयुष्यात ही पाच कारणे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की नोकरी गेली, पीक बुडाले किंवा पोरगे परीक्षेत नापास झाले तर त्यात आपले किती आणि दैवाचे किती, हे उभ्या जन्मात सुटत नाही. माणूस एकतर सगळा दोष स्वतःवर घेतो किंवा सगळा नशिबावर ढकलतो. चांगल्या टॉवर डिफेन्समध्ये हा हिशेब दहा मिनिटांत डोळ्यांसमोर मांडला जातो. तिसऱ्या पट्ट्यात अक्रोड लावायला उशीर झाला, तिथून प्रेत आत शिरले. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते, आणि लगेच पुन्हा डाव मांडता येतो. या खेळाचे सुख मुख्यतः या स्वच्छ हिशेबात आहे.

तो हिशेब स्वच्छ ठेवण्यासाठी रचनाकाराला फार राबावे लागते. सूर्यफुलाचे रोप लढत नाही, ते फक्त ऊन देते आणि त्या उन्हावर बाकीची रोपे विकत घेता येतात. सुरुवातीला त्याची किंमत १०० ठेवली होती. नवे खेळाडू ते लावायचे टाळत आणि पुढे अडकत. फॅन यांनी किंमत ५० केली आणि लोक आपणहून आधी सूर्यफुले लावू लागले. उन्हाचा एक ठिपका २५चा, म्हणजे दोन ठिपक्यांत रोपाचा खर्च निघतो. हे कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या डावात तर हिरवळीचा एकच पट्टा असतो, मग तीन, मग पाच. २०१२च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या फॅन यांच्या भाषणाचा विषयच मुळी, त्यांच्या आईने हा गेम शेवटपर्यंत कसा खेळला, हा होता. पडद्यावर एका वेळी आठांपेक्षा जास्त शब्द नसावेत, असा दंडक त्यांनी तिथे सांगितला. खेळणाऱ्याला न फसवता, न दटावता कर्तेपण हाती देणे ही मोठी सभ्यता आहे, आणि तिची पुरेशी कदर होत नाही.

दैवाला थोडी दयाही जोडलेली आहे. पट्ट्याच्या डाव्या टोकाला गवत कापायचे यंत्र उभे असते. प्रेत तिथवर पोचले तर ते यंत्र धावत सुटते आणि त्या पट्ट्यातली सगळी प्रेते साफ करते. पण एकदाच. त्या पट्ट्याला त्या डावात दुसरी माफी नाही.

उरुग्वेच्या आयर्नहाइड स्टुडिओने २०११ मध्ये आणलेल्या 'किंगडम रश'मध्ये खेळाडू थोडा जास्त हात घालतो: कुमक बोलावतो, आभाळातून आगीचा वर्षाव करतो. पण बुरूज कुठे उभे केले, हाच तिथेही मूळ प्रश्न असतो. हात घालण्याचे प्रमाण किती असावे, यावर या प्रकाराचा तोल टिकतो, आणि तो बिघडतो कसा हेही पाहायला मिळाले. २०११ मध्येच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेतली. २०१३चा 'प्लांट्स व्हर्सेस झोंबीज २' फुकट होता, पण त्यात बोटाने प्रेतांना चिमटीत धरून संपवायची किंवा विजेचा झटका द्यायची ताकद नाण्यांवर मिळे, आणि नाणी खऱ्या पैशाने घेता येत. खेळ बाकी सुंदरच होता. तरी इथे काहीतरी मोडले. आपखुशीने घेतलेला अडथळा पैसे देऊन बाजूला करता आला, की सूट्स यांच्या गोल्फसारखीच गत होते. शिवाय हार आपल्या मांडणीमुळे झाली की पाकिटाला हात लागावा म्हणून ती घडवली गेली, ही शंका एकदा शिरली की पाच कारणांचा हिशेब पुन्हा गढूळ होतो. दैवाच्या जागी दुकानदार येऊन बसतो.

यावर कोणी म्हणेल, एवढी मीमांसा कशाला, माणसाला जिंकायला आवडते. मूळ गेममधल्या 'सर्व्हायव्हल'च्या अमर्याद प्रकाराकडे पाहिले तर हे उत्तर पुरत नाही. तिथे मध्ये पोहण्याचा तलाव असलेले सहा पट्टे असतात, लाटा वाढत जातात, मोठ्या लाटेची खूण असलेल्या दर दोन झेंड्यांनंतर रोपांची निवड नव्याने करता येते आणि विजय नावाची गोष्टच नसते. आज ना उद्या हिरवळ पडणार हे ठाऊक असताना लोक तिथे तासन् तास बसतात, कुठे काय लावले तर आणखी एक झेंडा निघेल याचा विचार करत, आणि मांडणी पुन्हा बदलतात.