तंबोरा कधी येणार?

मिरजेला तंबोरा सांगून बरेच महिने झाले. इथे हडपसरात दूध दहा मिनिटांत दारात येतं, म्हणून नातू विचारतो, "आजी, कशाला थांबायचं? मोबाइलवर वाजतो की तंबोरा!" वाजतो, आणि बिनचूक सुरात. माझी तक्रार नाही.

मला प्रश्न वेगळाच पडलाय. गीता सांगते, फळाची आशा धरू नकोस. मग आगाऊ पैसे देऊन वाट बघणारी मी कुठल्या हिशेबात बसते?

कारागिराला फोन केला, तर म्हणाला, "ताई, भोपळा वाळतोय." हा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. तो वाळायला महिने लागतात. मग तुणाचं लाकूड, आणि शेवटी जवारी, म्हणजे घोडी कानानं ऐकत घासायची. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याला त्याचं काय!

त्याच पंढरपुरात पुंडलिकानं, आईबापांची सेवा चालू होती म्हणून, देवाला विटेवर थांबवलं. विठोबाला काही आशा होती का? मला वाटतं, होती. पुंडलिक हवा होता म्हणून तर आला, नाहीतर वैकुंठात काय कमी होतं? पण हाका मारून त्यानं सेवा मोडली नाही. शास्त्रीबुवांना हा अर्थ पटणार नाही, न पटो. मी मात्र मिरजेला फोन करणं थांबवलंय.

आषाढी जवळ आली. हडपसरला पालख्या वेगळ्या होतील, ज्ञानोबा दिवे घाटाकडे, तुकोबा लोणी काळभोरकडे. भजनाला वडिलांचा चिरलेला तंबोराच काढलाय; त्याला खर्जाची तार आणायचीय.