सातजणांची होडी



येशूने हाक मारली तेव्हा पेत्राने जाळी टाकून दिली. मध्ये काही वर्षे गेली. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर, तिबिर्याच्या सरोवराकाठी, आपण मासे धरायला जातो असे तो म्हणाला (योहान २१). पुष्कळ प्रवचनकार इथे त्याला दोष देतात. मला ते पटत नाही. तीनदा गुरूला नाकारलेला माणूस. त्याने नुसते बसून काय करायचे होते? हात ओळखीच्या कामाकडेच वळतात.

पण त्याच्यासोबत निघालेले सहाजण पाहा. थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे, आणि आणखी दोघे, ज्यांची नावेही दिलेली नाहीत. त्यांनी पेत्राला त्या रात्रीबद्दल काही विचारल्याचे शुभवर्तमानात नाही. ते सरळ होडीत चढले. १९८६ साली याच सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा दोन मच्छीमार भावांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची होडी चिखलात सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन. अशा होडीत सातजण, रात्रभर, आणि जाळे रिकामे!

पहाटे काठावर प्रभू आहे हे कळताच पेत्राने पाण्यात उडी घेतली. १५३ माशांचे जाळे काठापर्यंत ओढत आणले ते मागे राहिलेल्या सोबत्यांनी.

आपल्या धर्मग्रामातही कोणी वर्षानुवर्षे मिस्साला आलेला नाही. कारण आपल्याला ठाऊक असते. आपण ते कुजबुजतोही. ज्याची चर्चची वाट त्याच्या दारावरून जाते, त्याने पुढच्या रविवारी घरातून अर्धा तास लवकर निघावे.