बी उकरून पाहताना

निकालाची पीडीएफ आली की आधी स्वतःचा बैठक क्रमांक टाकून शोधायचा. तो नसला की आपोआप दुसऱ्यांचे. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणाऱ्या आम्हा चौघांचे क्रमांक मला तोंडपाठ होते.

राज्यसेवा पूर्व परीक्षेत चौथ्या खेपेला मी दीड गुणाने मागे राहिलो. मग शेजारच्या कॉटवरच्या मित्राचा क्रमांक टाकला. तोही नव्हता. आणि मला बरं वाटलं.

हा तोच मित्र, ज्याने मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यातल्या खुर्चीवर तीन रात्री काढल्या होत्या. मेसच्या डब्यातला वरणभात कालवून भरवला होता. ‘तुझंपण नाही का रे?’ असं मी त्याला विचारलं, तेव्हा आवाजातलं दुःख मी मुद्दाम आणलं होतं. त्याला ते कळलं का, हे मी कधी विचारलं नाही.

आपलं आयुष्य बरोबर दिशेने चाललंय का, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा नीट पडला. आधीची पाच वर्षं मी तो निकालावर सोपवला होता. पास झालो तर दिशा बरोबर, नाही तर चूक. विषय संपला.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांचा नैतिक नशिबावर १९७६चा एक निबंध आहे. त्यात चित्रकार पॉल गोगँ येतो. खरा गोगँ पॅरिसमध्ये शेअर दलाली करायचा. बायको होती, पाच मुलं होती. चित्रांपायी ते सगळं मागे टाकून तो १८९१ मध्ये ताहितीला गेला. विल्यम्स यांचा गोगँ थोडा कल्पित आहे, पण पेच खरा आहे: त्याने केलं ते समर्थनीय होतं का, हे तो मोठा चित्रकार होतो की नाही यावर ठरणार, आणि निघताना ते कळायला काहीच मार्ग नाही. बरं, तो यशस्वी झाला तरी ते समर्थन त्याच्या बायकामुलांना पटलंच पाहिजे असंही नाही. वाचताना मला वाटलं, अरे, हा तर आपला एमपीएससीवालाच. फरक इतकाच, की आमच्या गोगँला घरून दर महिन्याला पैसे येतात.

मग मनाला विचारावं? मनाचा मला भरवसा नाही. ११ मार्च २०२१ला, तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलल्याचं कळलं आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. त्यात मीही होतो. घोषणा देताना वाटत होतं, आपण अगदी योग्य जागी उभे आहोत. पण मागणी रास्त असणं आणि माझी वाट रास्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. गर्दीत त्या एकच वाटतात.

त्या निकालानंतरच्या जूनमध्ये गावी गेलो. पेरणी होऊन आठ दिवस झाले होते आणि पावसाने ओढ दिली होती. पारावर जो तो मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघत होता. अण्णा शेतात गेले, तासात उकिडवे बसले, बोटाने माती उकरून सोयाबीनचा दाणा वर काढला आणि चिमटीत दाबून पाहिला. कोंब धरला असेल तर थांबायचं. मऊ पडून वास येत असेल तर मोडायचं. बियाची पिशवी उधारीवर आणलेली होती, पण तिचं नाव त्यांनी काढलं नाही. पाऊस येईल का, हे त्यांच्याही हातात नव्हतं. हाताला जे लागत होतं ते त्यांनी तपासलं.

मी उकरलं तर काय लागलं असतं? बहिणीच्या बाळंतपणानंतर तिला भेटायला न गेलेला मी. कारण अभ्यास सांगितलं होतं. खरं तर लोक ‘काय झालं रे परीक्षेचं?’ विचारतील याची भीती होती. आईचा फोन वाजत असताना स्क्रीनकडे नुसता बघत बसलेला मी. आणि ती निकालाची रात्र.

यावरचा एक आक्षेप मलाच पटतो. चांगल्या वाटेवरही माणूस काही काळ वाईट वागतो. तान्ह्या बाळाची आई रात्ररात्र जागून घरातल्या सगळ्यांवर खेकसते, म्हणून तिची दिशा चुकली असं कोण म्हणेल? शिवाय तो मित्र. पुढच्याच खेपेला तो निघाला. आज अधिकारी आहे, आणि अजून फोन उचलतो. त्याच खोलीत, त्याच पातळ डाळीवर तो होता तसा राहिला. तो निघाला नसता तरी त्याचं चुकलं असं मी म्हटलं नसतं. मग माझी वाट चुकीची होती, की मीच तिच्यावरून वाईट चाललो? आजही मला ठरवता येत नाही. त्या रात्रीचं त्याला अजून सांगितलेलंही नाही.

मी परत फॉर्म भरला नाही. आता तालुक्याला पोलीस भरतीच्या मुलांना गणित शिकवतो. तीच वाट आपणही विकतोय की काय, हा विचार येतो. फी घेताना जरा जास्तच येतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी क्लास सुटल्यावर थांबली. म्हणाली, ‘सर, अजून एक भरती देऊ का?’ मी तिला मैदानी चाचणीचे गुण विचारले नाहीत. तुझी मैत्रीण लागली तेव्हा तुला काय वाटलं, एवढंच विचारलं. ती बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसली.