रिकाम्या खोलीतील साक्षी

घरी बसून प्रवेशपरीक्षा देण्याची जी पद्धत २०२० च्या मार्चनंतर, महामारीमुळे देशोदेशींची परीक्षाकेंद्रे बंद पडली तेव्हा, निरुपायाने पुढे आली आणि साथ ओसरल्यावरही टिकून राहिली, तिच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा इंटरनेटच्या वेगाविषयी, ऐनवेळी जाणाऱ्या विजेविषयी आणि डॉलरच्या हिशेबाने भराव्या लागणाऱ्या शुल्काविषयी असते. या अडचणी खऱ्या आहेत, आणि ज्यांना त्या भोगाव्या लागतात त्यांना त्यांपलीकडचे काही सुचू नये हेही स्वाभाविक आहे. परंतु या पद्धतीने एक फार पुरातन प्रश्न सामान्य गृहस्थाच्या घरात आणून ठेवला आहे, आणि तो निकालात काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही यंत्रात नाही: ज्या सचोटीवर पहारा बसवला आहे, ती सचोटी पहारेकऱ्याची की विद्यार्थ्याची?

अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासासाठी जाऊ इच्छिणारा पुण्याचा वा नाशिकचा विद्यार्थी जीआरई ही परीक्षा घरून देण्याचे ठरवतो, तेव्हा शब्दसंग्रह आणि गणित यांच्याइतकीच त्याला खोलीचीही तयारी करावी लागते. खोली भिंतींची आणि बंद दाराची हवी. परीक्षा संपेपर्यंत तीत दुसऱ्या कोणी पाऊल टाकता कामा नये. मेजावर पुस्तक, वही किंवा खाण्यापिण्याची वस्तू असू नये. बसायला साधी खुर्ची हवी, पलंग किंवा कोच चालत नाही. कान केसांनी वा वस्त्राने झाकलेले नसावेत. कच्च्या कामासाठी सुटे कागद घेण्यास मज्जाव असून, पुसता येईल असा छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक आवरणात घातलेला एक कागद एवढ्याचीच मुभा असते, आणि त्यावर जे लिहिले ते सर्व शेवटी पुसून पर्यवेक्षकाला दाखवावे लागते. प्रारंभी ओळखीचा दस्तऐवज कॅमेऱ्यासमोर धरायचा, मग तोच कॅमेरा खोलीभर फिरवून भिंती, कोपरे आणि मेजाखालची जागा कुठेतरी दूर बसलेल्या अनोळखी माणसाच्या नजरेखालून घालायची, आणि त्याची खातरजमा झाली म्हणजे पहिला प्रश्न पडद्यावर उमटतो.

ही नियमावली वाचताना मला गीतेचा सहावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही साधकाला आधी जागाच सिद्ध करावी लागते: स्थळ शुद्ध असावे, आसन स्थिर असावे, ते फार उंच नको आणि फार सखलही नको, साधकाने एकटे असावे, जवळ परिग्रह नसावा, आणि बसल्यावर इकडेतिकडे दिशांकडे पाहू नये. बाह्य लक्षणे इतकी जुळतात की दोहोंतील भेद क्षणभर दिसेनासा होतो. पण भेद आहे आणि तो मूलगामी आहे. ज्ञानेश्वरांनी त्या अभ्यासस्थानाचे जे विस्तृत वर्णन केले आहे त्यात ते स्थानच असे प्रसन्न आहे की वाट चुकून तेथे आलेला विषयासक्त मनुष्यसुद्धा माघारी फिरण्याचे विसरतो. ते स्थान कोणी तपासत नाही, तेच येणाऱ्याला निववते. योग्याने खोली रिकामी करावी ती स्वतःचे चित्त ठिकाणावर यावे म्हणून; परीक्षार्थ्याने ती रिकामी करावी ती दुसऱ्याच्या मनातील संशय फिटावा म्हणून. तेथे एकांत हे साधन आहे, येथे तो पुरावा आहे. आणि पुरावा म्हणून मांडलेल्या एकांतात माणसाला स्वतःशी एकटे होता येत नाही, कारण त्या खोलीत सर्व वेळ आणखी एक जण बसलेला असतो.

परीक्षार्थ्याविषयीचा अविश्वास ही अर्थातच आजची गोष्ट नव्हे. चीनच्या बादशाही अंमलातील परीक्षांत, ज्या १९०५ मध्ये कायमच्या बंद झाल्या, उमेदवाराच्या कपड्यांची आणि सामानाची झडती होई. नानजिंग येथील परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या, आणि उमेदवार आपला शिधा व अंथरूण घेऊन तेथे दिवसरात्र कोंडून घेत असत. एवढा कडक बंदोबस्त असूनही नकला होत. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरात बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने देशातील विधी विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून बाहेर पडून स्वतःची प्रवेशपरीक्षा १२ तारखेला घेतली, आणि ती उमेदवारांनी घरूनच द्यायची होती. थोड्याच दिवसांत, २१ सप्टेंबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवून प्रवेश २८ सप्टेंबरच्या सामाईक परीक्षेवरूनच द्यावेत असा हुकूम केला. घरून दिलेल्या अशा परीक्षेत पारदर्शकता आणि शुचिता यांची हमी राहत नाही, आणि इतक्या अल्प मुदतीत साधने जमवणे अनेकांना अशक्य होते, हा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

मला तो निर्णय न्याय्य वाटतो, आणि त्याचे कारण नक्कल करणाऱ्याच्या पापपुण्याशी निगडित नाही. प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात. जो त्यांतील एक अयोग्य मार्गाने घेतो तो ज्याची ती जागा होती अशा कोणा एका मुलाची किंवा मुलीची ती हिरावून घेतो, आणि ती मुलगी कोण हे त्याला जन्मभर कळत नाही. त्या न दिसणाऱ्या मुलीच्या वतीने कोणीतरी जामीन राहावे लागते. पहारा तिच्यासाठी असतो. म्हणून पहाऱ्याचा अपमान मानून घेणारा प्रामाणिक विद्यार्थी मला थोडा अप्पलपोटा वाटतो, कारण त्याच्या प्रामाणिकपणाची खात्री त्याला स्वतःला असली तरी तिला ती असण्याचे काहीच कारण नाही. इथवर न्यायाचा प्रांत आहे. पण न्याय सांभाळला गेला म्हणजे सचोटी निर्माण झाली असे मानणे ही फार मोठी गफलत होय, आणि आपल्या परंपरेने ती गफलत ओळखली होती असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

कर्नाटकात कनकदासांची एक आख्यायिका घरोघर सांगतात. गुरू व्यासतीर्थांनी शिष्यांना एकेक केळे दिले आणि जेथे कोणी पाहत नसेल अशा जागी जाऊन ते खा असे सांगितले. सगळे खाऊन आले, कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परतले, कारण देव पाहत नाही अशी जागा त्यांना सापडली नाही. हेमचंद्राच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात हाच घाट दुसऱ्या रूपात येतो: क्षीरकदंब हा उपाध्याय पर्वत, वसू आणि नारद या तीन शिष्यांना पिठाचे कोंबडे देऊन, जेथे कोणी पाहत नाही तेथे यांना मारा, असे सांगतो, आणि नारद कोंबडा न मारताच येतो, लोकपाल पाहत होते, ज्ञानी पाहत होते, आणि मी पाहत होतो, असा त्याचा विचार होतो. परंतु या कुळातील कथांत मला सर्वांत खोल वाटते ती पाली जातकांतील सीलवीमंसन जातकाची. वाराणसीच्या एका आचार्याला आपली कन्या शीलवान शिष्याला द्यायची आहे. त्याच्या पाचशे शिष्यांना तो सांगतो की विवाहासाठी वस्त्रे आणि अलंकार हवेत, ते आपापल्या आप्तांकडून कोणाच्याही दृष्टीस न पडता चोरून आणा. सगळे आणतात. एक शिष्य, जो त्या जन्मीचा बोधिसत्त्व आहे, रित्या हाताने येतो, आणि त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा की निर्जन म्हणावी अशी जागाच मला आढळत नाही. जेथे दुसरा कोणी नसतो तेथे मी तर असतोच.

येथे देव नाही, लोकपाल नाहीत, परलोकीचा जमाखर्च नाही, आणि ज्या धर्माने नित्य आत्मा हा सिद्धांतच नाकारला त्या धर्माच्या ग्रंथात हे उत्तर आलेले आहे. कॅमेरा खोलीभर फिरवून जे सिद्ध करायचे असते, की येथे दुसरे कोणी नाही, त्याच्या नेमके पुढचे वाक्य तो शिष्य बोलतो. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: या तिन्ही कथांतील गुरूंनी शिष्यांवर नजर ठेवण्याची काहीच तजवीज केली नव्हती, किंबहुना नजर काढून घेणे हीच त्यांची परीक्षा होती. अनिरीक्षित अवस्थेत मनुष्य कोण असतो हे त्यांना जाणायचे होते. आमच्या व्यवस्थेला ते जाणायचेच नाही, आणि तिच्या मर्यादेत ते योग्यही आहे.

धर्माची शिकवण मात्र येथे कित्येकदा घसरते. मनूने साक्षीदारांना बजावताना आकाश, पृथ्वी, जल, चंद्र, सूर्य, अग्नी, यम, वायू, रात्र आणि दोन्ही संध्या यांना मनुष्याच्या वर्तनाचे जाणते म्हटले आहे. महाभारतातील शकुंतलाही भर सभेत दुष्यंताला, तू स्वतःला एकटा समजतोस पण हृदयस्थ पुराणमुनीला जाणत नाहीस, असे सुनावते. हे भव्य आहे. तथापि लहान मुलांच्या मनात हीच शिकवण उतरते ती चित्रगुप्ताच्या रूपाने, कोणीतरी वर बसून सारे टिपून घेत आहे अशा भयाच्या रूपाने, आणि तसे झाले म्हणजे देव हा केवळ अधिक विस्तृत कक्षेचा कॅमेरा ठरतो. भीतीने जो सरळ राहिला, त्याने नक्कल केली नाही एवढेच खरे. सांख्यांनी आणि उपनिषदांनी ज्याला साक्षी म्हटले तो या जातीचा नव्हे. मुंडकोपनिषदातील एकाच झाडावरचे दोन पक्षी सर्वांना परिचित आहेत: एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. तो पाहणारा फिर्याद करीत नाही, शिक्षा सुनावत नाही, खाणाऱ्याला थांबवतही नाही. सांख्यांनी तर त्याच्या ठायी कर्तृत्वच मानले नाही. मग असल्या उदासीन साक्षीचा नीतीला उपयोग काय, अशी शंका कोणी घेईल. मला असे दिसते की त्याचे सारे बळ त्याला चकवता येत नाही यातच आहे. दुसऱ्याच्या उत्तरांवर ज्याने प्रवेश मिळवला त्याला पदवी मिळेल, नोकरी मिळेल, लोक मान देतील, पण ते उत्तर आपले नव्हते हे त्याला ठाऊक असणे कोणत्याही गुणपत्रिकेने पुसले जात नाही. पहारा नक्कल रोखू शकतो. हे जाणणे तो उत्पन्नही करू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही.

याच्या उलट बाजूने पाहता, साक्षी जे कधीच करीत नाही ते पहारा हमखास करतो: तो चुकीचे पाहतो. विचार करताना माणसाची नजर पडद्यावर खिळून राहत नाही, ती छताकडे जाते, खिडकीबाहेर जाते. कित्येकांना ओठ हलवल्यावाचून वाचता येत नाही. बोटांवर मोजण्याची सवय मोठेपणीही सुटत नाही. चिंतनाच्या या साऱ्या खुणा पहाऱ्याच्या लेखी संशयास्पद हालचाली होत. आणि जी खोली तो पाहतो तिच्यात केवळ परीक्षार्थी राहत नसतो. मुंबईच्या चाळीत एका खोलीच्या बिऱ्हाडात पाच माणसे नांदतात. तेथे काही तासांचा एकांत निर्माण करायचा म्हणजे आजीला शेजारी नेऊन बसवायचे, धाकट्याला गॅलरीत पाठवायचे, देव्हाऱ्यापासून औषधाच्या बाटल्यांपर्यंत सगळा संसार परक्यापुढे उघडा करायचा. अमेरिकेत ओहायो राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने अशा खोली दाखवण्याला हरकत घेतली, तेव्हा २२ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील संघीय न्यायाधीशांनी ती घराची अवाजवी झडती ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहेच. परंतु प्रवेश हवा असलेला मुलगा संमतीच्या चौकटीवर खूण करतो तेव्हा त्या संमतीत किती स्वातंत्र्य असते, याची शहानिशा कोणी करीत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्नही असाच आहे. छांदोग्यात सत्यकाम जाबाल हारिद्रुमत गौतमाकडे शिकायला जातो तेव्हा गुरू प्रथम गोत्र विचारतो, आणि त्या मुलाजवळ दाखला म्हणून काहीच नसते. तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करीत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, असे आईने जे सांगितले ते तो जसेच्या तसे सांगतो, आणि सत्यापासून तू ढळला नाहीस म्हणून गुरू त्याला समिधा आणायला सांगतो. लक्षावधी उमेदवारांच्या परीक्षेत असा निवाडा शक्य नाही हे मी जाणतो. परंतु यंत्राने ज्याच्यावर ठपका ठेवला त्याला आपली कैफियत एखाद्या जिवंत माणसापुढे मांडण्याची संधी निकालापूर्वी मिळावी, त्याच्या घराचे चित्रीकरण किती काळ आणि कोणाच्या ताब्यात राहील हे त्याला आधी लेखी कळावे, आणि ज्याच्या घरी स्वतंत्र खोली नाही त्याला जवळच्या गावी बसण्याची सोय असावी, एवढे तर परीक्षा घेणाऱ्या संस्थांना आजच्या आज करता येईल.

घरच्यांनी आणि शिकवणीवर्गांनी करायची तयारी वेगळी आहे. ते सध्या मुलांना कॅमेऱ्यापुढे कसे बसावे, नजर कोठे ठेवावी, ओठ कसे मिटावेत हे शिकवतात, आणि सरावपरीक्षाही पहाऱ्याखालीच घेतात. त्यांतील काही तरी परीक्षा कॅमेरा बंद ठेवून, पुस्तके कपाटात न दडवता, घड्याळ मुलाच्याच हाती देऊन आणि उत्तरेही त्यालाच तपासायला लावून घ्याव्यात; तो जे गुण सांगेल ते आईवडिलांनी शंका न काढता वहीत मांडावेत, आणि गुण कमी आले तर त्यावरून त्याला बोलू नये, कारण खरे गुण सांगितल्याबद्दल बोलणी खाणारा मुलगा पुढच्या खेपेला खरे सांगेलच असे नाही.