पर्युत्सुकता आणि अभिज्ञान : जुन्या लोकप्रिय गीतांवरील प्रेमाचा विचार

'जुनी गाणी आताच्या गाण्यांपेक्षा चांगली होती' हे विधान वरवर पाहता सौंदर्यवाचक आहे. त्यात तुलना आहे, मूल्यनिर्णय आहे आणि इतरांनीही तो मान्य करावा अशी अपेक्षा आहे. कांटच्या परिभाषेत सांगायचे तर ते 'मला आवडते' या पातळीवर थांबत नाही. सार्वत्रिक मान्यतेचा दावा करते. परंतु विधान करणाऱ्याकडे पुरावा मागितला, तर तो बहुधा चालीचे अथवा शब्दयोजनेचे विश्लेषण करीत नाही. तो एखादे गाव, शेजारच्या घरातला रेडिओ, परीक्षेच्या आधीची एखादी रात्र यांचे वर्णन करू लागतो. विधानाचे व्याकरण सौंदर्यशास्त्राचे आणि त्याचा पुरावा मात्र आत्मचरित्राचा, अशी ही विसंगती आहे. संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांवर आधारलेल्या मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताला अशा साहचर्यांशी काही कर्तव्य नाही. त्या भूमिकेवरून हा सारा व्यवहार कलाबाह्य ठरवून मोकळे होता येते. पण कलाबाह्य ठरवल्याने तो नाहीसा होत नाही. प्रश्न असा आहे, की हे प्रेम नेमके कशावर असते, आणि ज्या गीताच्या निमित्ताने ते व्यक्त होते त्या गीताशी ते न्यायाने वागते काय?

हिंदी चित्रपटगीतांवरील प्रेमाला महाराष्ट्रातील मध्यमवर्गात जवळजवळ कौटुंबिक संस्काराचे स्थान आहे. तेच येथे उदाहरण म्हणून घेता येईल. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मराठी, अभिजात संगीताचे जाणकार आणि चित्रपटसंगीताच्या बाबतीत कठोर. त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, त्या केंद्रावरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, फिती कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर ती गाणी भारतात परत येत. सुरुवातीस क्रमवारी नव्हती. ती नंतर आली, आणि 'पायदान' हा शब्द घरोघरी रूढ झाला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीने एका अर्थाने माघार घेतली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की आज ज्यांना 'सुवर्णयुगातील' गाणी म्हटले जाते ती त्या काळी राज्यसंस्थेने अभिरुचीस घातक म्हणून दूर ठेवलेली गाणी होती. आजचा ज्येष्ठ रसिक नव्या गाण्यांविरुद्ध जे बोलतो (शब्दांना अर्थ नाही, वाद्यांचा गोंगाट फार, सारे परकीय उसनवारीचे) ते थोड्याफार फरकाने केसकरांच्या काळचेच आरोप आहेत. ज्या प्रेमाला स्वतःच्या आलंबनाची ही पूर्वकथा ठाऊक नाही, ते प्रेम खोटे ठरत नाही. पण त्याने न्यायाधीशाच्या आसनावर बसावे काय, हा प्रश्न उरतोच.

गीत आणि गतस्मृती यांचा संबंध पाश्चात्त्य विचारात फार जुना आहे. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात, परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून, 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा एका व्याधीसाठी घडवली. ही व्याधी घरापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांची. पुढे तिच्याशी आल्प्समधील गुराख्यांची एक धून जोडली गेली. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदवले आहे, की ही धून ऐकताच स्विस सैनिक रडत, सैन्य सोडून पळत किंवा झुरून मरत. म्हणून त्यांच्यात ती वाजवण्यास देहदंडाची धमकी देऊन मनाई करावी लागली. मात्र रूसोचा खरा मुद्दा वेगळाच आहे. धुनेत असामान्य असे काहीच नाही, परक्या माणसावर तिचा काही परिणाम होत नाही. तेव्हा संगीत येथे संगीत म्हणून कार्य करीत नाही, केवळ स्मारकचिन्ह म्हणून करते, असे तो म्हणतो.

रूसोचे हे विश्लेषण मान्य केले, तर जुन्या गाण्यांवरील प्रेमाचा प्रश्न फारच लवकर निकालात निघतो. आधुनिक संशोधन त्याला दुजोरा देते असेही भासते. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी निरनिराळ्या वयांच्या श्रोत्यांना १९३२ ते १९८६ या काळातील लोकप्रिय गीते ऐकवली. श्रोता सुमारे चोवीस वर्षांचा असताना जी गीते लोकप्रिय होती, त्यांना त्याची पसंती सर्वाधिक असल्याचे त्यांना आढळले. पण आवडीचे कारण आणि आवडीचे समर्थन या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्याला ज्ञानेश्वरी आवडते ती आजीच्या मांडीवर ऐकली म्हणून, याने ज्ञानेश्वरीच्या मूल्याविषयी काहीच सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. शिवाय ज्या श्रोत्याचा जन्मच १९९० नंतरचा आहे, त्याला १९५० च्या सुमाराची गाणी व्याकूळ का करतात, याचे उत्तर स्मारकचिन्हाच्या सिद्धान्तात नाही. ज्या काळाचे स्मारक, तो काळ त्याने पाहिलेलाच नाही.

येथे अभिनवगुप्ताकडे वळणे उपयुक्त ठरेल. रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांत त्याने 'निजसुखादिविवशीभाव' हे एक विघ्न सांगितले आहे. स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला प्रेक्षक दुसऱ्या वस्तूत चित्त विश्रांत करू शकत नाही. जुने गाणे लागताच ज्याचे डोळे स्वतःच्या तारुण्याच्या आठवणीने भरून येतात तो श्रोता या वर्णनात तंतोतंत बसतो. गंमत अशी, की या विघ्नाच्या निरसनासाठी अभिनवगुप्ताने जे उपाय सांगितले त्यांत वाद्यवादन आणि गायन हेच आहेत. गाण्याने प्रेक्षकाचे चित्त स्वतःपासून सुटावे ही अपेक्षा. जुन्या लोकप्रिय गीताच्या बाबतीत औषधच व्याधी होऊन बसते.

तथापि या विवशतेला पूर्णपणे 'निज' म्हणता येईल काय? बुधवारी रात्री आठ वाजता एकच गाणे हजारो घरांत एकाच वेळी ऐकले जात होते, आणि ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते इतरांच्या दारात किंवा हॉटेलसमोर उभे राहून ऐकत होते. आठवण ज्याची त्याची असली, तरी तिची वेळ सर्वांची होती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे सादर झालेल्या गीतरामायणाशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो. तेथे कथा आधीपासून सर्वांची होती. गीतमालेत कथा नव्हती, समान होता तो केवळ प्रहर. साधारणीकरणाची ही एक अपुरी, पिढीच्या कुंपणापाशी थांबणारी अवस्था आहे. विभाव विशिष्ट व्यक्तीपासून सुटतात, पण 'आमच्या काळा'पासून सुटत नाहीत. आणि नेमक्या याच ठिकाणी या प्रेमाला अहंकाराचा स्पर्श होतो. 'मी' म्हणायला संकोचणारा माणूस 'आम्ही' निःसंकोचपणे म्हणतो.

गीतश्रवणाने जागणाऱ्या अनामिक हुरहुरीचे सर्वांत सूक्ष्म चित्रण कदाचित 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या प्रारंभी आहे. नेपथ्यातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. मधाला लोभावलेल्या आणि मग पूर्वीचा सहवास विसरलेल्या भ्रमराला त्यात उपालंभ आहे. दुष्यंताला गीताचा रोख कळतो, म्हणजे कळतो असे त्याला वाटते. आपण वसुमतीकडे लक्ष देतो म्हणून हंसपदिकेने हा टोमणा दिला, एवढाच तो अर्थ लावतो आणि समजूत घालण्यासाठी विदूषकाला पाठवून देतो. मग एकटा उरल्यावर त्याला जाणवते, की कोणाचाही विरह नसताना आपले मन पर्युत्सुक झाले आहे. त्याचे स्पष्टीकरणही तो देतो : मनाला जन्मांतरीच्या स्नेहाची नकळत आठवण होत असावी. अभिनवगुप्ताने रसविवेचनात हाच श्लोक उद्धृत केला आहे. ही स्मृती तार्किकांची स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेलाच नाही, तर ते एक प्रतिभानस्वरूप साक्षात्कारी ज्ञान आहे, असे तो म्हणतो. १९९० नंतर जन्मलेल्या श्रोत्याच्या व्याकुळतेला, जिच्यापुढे रूसो निरुत्तर होतो, येथे जागा मिळते.

परंतु श्लोकाकडून नाटकाकडे परत आले की निराळेच चित्र दिसते. दुष्यंताच्या हुरहुरीचा विषय जन्मांतरातला नाही. तो या जन्मातला आहे, अगदी अलीकडचा आहे, गर्भवती आहे, आणि काही क्षणांतच ती शकुंतला त्याच्यासमोर येऊन उभी राहणार आहे. तो तिला ओळखत नाही. शापाचे निमित्त कथानकाला आवश्यक असेल. पण गीत ऐकून कासावीस होणारा हाच पुरुष दारी आलेल्या स्त्रीला परत पाठवतो, या दोन घटना कालिदासाने एकमेकींना इतक्या लगटून ठेवल्या आहेत, की त्यांचा एकत्र विचार करणे भाग आहे. पर्युत्सुकता म्हणजे अभिज्ञान नव्हे. मन हेलावते याचा अर्थ ऋण मान्य केले असा होत नाही. जन्मांतराचे भव्य स्पष्टीकरण जवळच्या जबाबदारीवरून दृष्टी उडवते. 'सुवर्णयुग' हा शब्दही पुष्कळदा हेच काम करतो. अंगठी परत आणली ती एका धीवराने, आणि त्याला आधी चोर समजून बांधून आणले गेले, हेही विसरता कामा नये.

चित्रपटगीतांच्या बाबतीत दारी उभे असलेले कोण? पहिल्या प्रथम ते गीत घडवणारे, ज्यांची नावे स्मरणाने टिपलीच नाहीत. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तील (१९५१) गाण्यांनी ज्यांना वेड लावले, त्यांपैकी कितीजणांना चिक चॉकलेट हे नाव ठाऊक आहे? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनच्या समूहाची आठवण अनेकांना येते. ते स्वरलेखन करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा कोणाला आठवतात? अँथनी गोन्साल्विस हे नाव माहीत आहे, पण शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या चित्रपटातील एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय वादकांचा आणि संयोजकांचा वाटा केवढा होता, हे ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आपल्या ग्रंथात (२००८) दाखवले तेव्हा त्यांतील पुष्कळजण वृद्ध झाले होते. जुन्या गाण्यांवरील प्रेम तोवर अर्धे शतक अखंड वाहत होते. त्या प्रेमाला गाण्याच्या प्रारंभीचा वाद्यमेळ तोंडपाठ होता आणि तो वाजवणारा माणूस मात्र अनावश्यक होता.

या प्रेमाचा बाजार मोठा आहे हे सांगावयास नकोच. जुन्या ट्रान्झिस्टरच्या आकाराचे, पाच हजार गाणी आधीच भरलेले 'सारेगामा कारवाँ' हे यंत्र २०१७ मध्ये विक्रीस आले आणि मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून ते घेतले. त्यात निंद्य असे काही नाही. परंतु गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील न सोडता येणारा वाटा कायद्याने मान्य होण्यासाठी २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती व्हावी लागली, आणि तिच्यासाठी जावेद अख्तर यांना संसदेत भांडावे लागले, तेव्हा रसिकवर्ग म्हणून या प्रेमिकांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. याउलट 'समाधी' (१९७२) चित्रपटातील एका गीताचे रिमिक्स २००२ मध्ये गाजले तेव्हा मात्र संताप झाला. तो संताप केवळ अभिरुचीचा नव्हता. स्वतःच्या घरात कोणी परका शिरावा तसा तो होता. दुखावले होते ते गीत, की श्रोत्याचे गीतावरील स्वामित्व, हे ठरवणे कठीण आहे.

याच प्रेमाचे दुसरे रूपही आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचे दशकवार कोश सिद्ध केले. त्यांत गाजलेली गाणी आहेत तशीच ज्यांची आठवण कोणालाच नाही अशी हजारो गाणी आहेत. 'त्या काळी सारेच चांगले होते' हा समज तो कोश चार पाने उलटताच मोडतो. तबकड्यांवरील क्रमांक, वेष्टनावरील मुद्रणदोष, वादकांची नावे यांच्या मागे लागलेले संग्राहक हा हास्यास्पद वाटणारा वर्ग आहे खरा. पण त्यांची पर्युत्सुकता गाण्यापर्यंत पोहोचलेली असते. ते स्वतःच्या तारुण्याविषयी कमी बोलतात.

आणि ओळखीची ही मागणी गतकाळ झाल्यावरच उद्भवते असेही नाही. 'महल' (१९४९) चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते; पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी' हे नाव छापले होते. ते गीत तेव्हा जुने नव्हते, त्याच्याशी कोणाचे तारुण्य अद्याप निगडित झाले नव्हते. ते ऐकणाऱ्या श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रे लिहून एवढेच विचारले, की हा आवाज कोणाचा? चौकशी झाली, आणि लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगण्यात आले.